पाटीवरची मराठी आणि फाइलमधली मराठी

दुकानाची पाटी मराठीत, ठळक देवनागरीत असावी हा आग्रह आता कायद्याने पक्का झाला आहे. २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली, दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानेही त्यात आली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिने दिले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. २०२५ च्या जूनअखेर पहिलीपासून तिसऱ्या भाषेचे शासन निर्णय सरकारला मागे घ्यावे लागले. या प्रत्येक वेळी पुण्यात कट्ट्यांवर, सोसायट्यांच्या गटांवर, कार्यालयांत तावातावाने बोलले गेले, आणि ते योग्यच होते. पण या सगळ्या गदारोळात एक मागणी मागेच राहिली. माझ्या मते आज तीच सर्वांत निकडीची आहे. सार्वजनिक पैशातून लिहिला जाणारा प्रत्येक मराठी मजकूर संगणकाला वाचता येईल, शोधता येईल, उचलून दुसरीकडे नेता येईल अशा रूपात, म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक प्रमाणात, मिळाला पाहिजे. डोळ्यांना मराठी दिसणारा मजकूर यंत्रासाठीही मराठी असेलच असे नाही, आणि ज्या मजकुरात काही सापडत नाही तो लोकांच्या कामाला येत नाही.

याची परीक्षा पाच मिनिटांत होते. कोणत्याही सार्वजनिक संस्थेच्या संकेतस्थळावरून एखादी मराठी पीडीएफ उतरवून घ्या. ज्यात ऱ्हस्व वेलांटी किंवा रफार आहे असा शब्द निवडा, उदाहरणार्थ ‘समिती’ किंवा ‘कार्यालय’. तो निवडून कॉपी करा आणि संगणकावरच्या नोटपॅडसारख्या साध्या नोंदवहीत चिकटवा. तीनपैकी काहीतरी दिसेल. पहिली शक्यता, शब्द निवडताच येत नाही. अख्खे पान एकच चित्र आहे. दुसरी, रोमन अक्षरे, टोपी-टिंबवाले स्वर आणि चिन्हे यांची निरर्थक माळ उमटते. तिसरी, देवनागरीच उमटते, पण ‘समिती’ची ‘सिमती’ आणि ‘महानगरपालिका’ची ‘महानगरपािलका’ झालेली असते. चौथी शक्यता, म्हणजे शब्द जसाच्या तसा उमटणे, अजूनही इतकी विरळ आहे की तसे झाले तर त्या कार्यालयाचे अभिनंदन करावे.

या तिन्ही बिघाडांची कारणे वेगवेगळी आहेत आणि उपायही वेगळे.

चित्र होण्याचे कारण कार्यालयीन सवय. टिप्पणी संगणकावर टंकली जाते, छापली जाते, तिच्यावर सही-शिक्का होतो, मग ती स्कॅन करून चढवली जाते. मूळ मजकूर टेबलावरच्या संगणकात अगदी नीट असतो. नागरिकाला मिळते ते त्याचे छायाचित्र. दहा पानांचा मजकूर काही केबीत मावतो, त्याचे स्कॅन सहज काही एमबी होते, आणि सापडत तर काहीच नाही. सही हवी म्हणून स्कॅन करतो हे उत्तर बरेचदा मिळते. पण सहीची प्रत आणि मजकुराची प्रत शेजारी-शेजारी ठेवायला काहीच आडकाठी नाही, आणि डिजिटल स्वाक्षरी तर आता सातबाऱ्यावरही चालते.

दुसऱ्या बिघाडाचा इतिहास पुण्याशी घट्ट बांधलेला आहे, म्हणून त्यावर जरा थांबायला हवे. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था स्थापन झाल्यावर ते इथे वाढले. त्यातून भारतीय लिप्या संगणकावर दाखवणारे जिस्ट तंत्र आले, अक्षरांना क्रमांक देणारे इस्की हे भारतीय प्रमाण आले, १९९१ मध्ये ते भारतीय मानक म्हणून जाहीर झाले. इस्कीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जात: आधी ‘म’, मग वेलांटी. युनिकोडमधला देवनागरीचा तक्ताही इस्कीवरूनच बेतलेला आहे. म्हणजे पायाच इथे घातला गेला. पण त्याच वर्षांत डीटीपीचा, म्हणजे संगणकावर पाने जुळवण्याचा, व्यवसाय वाढला आणि पेजमेकरसारख्या पाश्चात्त्य सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी बसवायची निकड आली. त्या सॉफ्टवेअरला फक्त २५६ खणांचा एक तक्ता ठाऊक होता. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या खणांत देवनागरीचे तुकडे बसवले: एका खणात अर्धा ‘क’, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात रफार. फाइलमध्ये साठलेले असते रोमन चिन्ह. फॉन्ट फक्त त्या जागी देवनागरी आकार रंगवतो. पुण्यातच घडलेली श्रीलिपी, सी-डॅकचे सुरेख आणि योगेश, शिवाय इतर डझनावारी फॉन्ट असेच काम करत. प्रत्येकाचा तक्ता निराळा.

त्या लोकांनी चूक केली असे मी म्हणत नाही. त्या काळात मराठी पुस्तके, वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका, निकालपत्रके सुबक छापली गेली ती याच फॉन्टमुळे. अप्पा बळवंत चौकातली पाठ्यपुस्तके आणि सदाशिव-नारायण पेठांतल्या प्रकाशकांची एका पिढीची निर्मिती त्यांच्यावर उभी आहे. बटर पेपरवर छापील प्रत निघाली, प्लेट झाली, पुस्तक बाहेर पडले, की फाइलचे काम संपत असे. फाइल पुढे कुणी वाचेल, शोधेल, फोनवर उघडेल हा विचार तेव्हा कुणाच्या कामात नव्हता. पण युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची आहे आणि विंडोज २००० पासून देवनागरी घरोघरच्या संगणकात आली. तीही र. कृ. जोशींसारख्या मराठी सुलेखनकाराने घडवलेल्या मंगल फॉन्टसह. त्यालाही आता पाव शतक झाले. इतक्या वर्षांनंतर एखादे कार्यालय परिपत्रक जुन्या फॉन्टमध्ये टंकून काढत असेल तर ते सवयीमुळे, आणि सार्वजनिक कामात सवय हे कारण पुरेसे नाही.

जुन्या फाइली बदलता येतात, मात्र बटण दाबले आणि झाले असे ते काम नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेणाऱ्या सॉफ्टवेअरला, म्हणजे परिवर्तकाला, आधी नेमका फॉन्ट कळावा लागतो. दिसायला जवळजवळ सारख्या दोन फॉन्टांचा तक्ता वेगळा असू शकतो आणि चुकीचा तक्ता लावला तर अर्धा मजकूर बरोबर येतो, जे पूर्ण चुकण्यापेक्षा वाईट, कारण मग कुणी तपासत नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसण्याच्या क्रमाने असतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये नेमके उलट हवे. वेलांटी पुढच्या एका अक्षराला नव्हे, तर पुढच्या अख्ख्या जोडाक्षराला ओलांडून जायला हवी; रफार मागच्या कान्यामात्र्यांसकट अख्खे अक्षर ओलांडून मागे यायला हवा. हे नीट न लिहिलेले परिवर्तक ‘कार्यालय’चे ‘कायार्लय’, ‘वर्ष’चे ‘वषर्’ आणि ‘धर्म’चे ‘धमर्’ करतात. महाजालावर ‘कायार्लय’ शोधून पाहा, किती सरकारी पाने निघतात ते कळेल. म्हणून परिवर्तनानंतर तीन गोष्टी हाताने शोधून तपासाव्यात: शब्दाच्या शेवटी लोंबकळणारा ‘र्’, शब्दाच्या सुरुवातीला एकटी पडलेली वेलांटी, आणि एकाच अक्षराला लागलेल्या दोन मात्रा. एवढ्या तीन शोधांत बहुतेक घाण निघून जाते. उरलेले मुद्रितशोधकाचे काम, आणि त्याला मोबदला दिला पाहिजे.

तिसरा बिघाड सर्वांत फसवा. मजकूर युनिकोडमध्येच टंकलेला असतो, टंकणाऱ्याने सगळे योग्य केलेले असते, आणि तरी पीडीएफ होताना तो बिघडतो. पीडीएफ मुळात पानावर कोणता आकार कुठे काढायचा याची नोंद ठेवते. ‘समिती’ काढताना आधी ‘स’, मग वेलांटीचा आकार, मग ‘म’ असा क्रम लागतो. आकारांच्या जोडीला मूळ मजकुराचा धागाही फाइलमध्ये ठेवायची सोय आहे, पण प्रिंट टू पीडीएफ छापाच्या आभासी छपाईयंत्रांतून गेले की तो धागा बहुधा तुटतो आणि उरतात फक्त आकार. म्हणून छपाईचा मार्ग टाळून वर्ड किंवा लिबरऑफिसमधून थेट पीडीएफ निर्यात करावी, आणि निर्यातीनंतर वरची कॉपी करून पाहायची परीक्षा न चुकता घ्यावी. तरीही खात्री नसेल तर पीडीएफच्या शेजारी मूळ दस्तऐवज किंवा साधे वेबपान ठेवावे. परिपत्रकाला खरे तर पीडीएफची गरजच काय? तो वाचायचा मजकूर आहे.

यात कुणाचे काय बिघडते? सर्वांत आधी अंध वाचकाचे. फोनमधला किंवा संगणकातला वाचक-आवाज मराठी बऱ्यापैकी वाचतो, पण त्याला मजकूर लागतो. स्कॅन केलेल्या पानावर तो गप्प बसतो, ‘सिमती’ असेल तर ‘सिमती’च वाचतो, जुन्या फॉन्टवर रोमन अक्षरे एकेक करून उच्चारतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा अंध विद्यार्थी पुण्यात मोठ्या आशेने येतो, आणि अभ्यासक्रमाची सूचना, उत्तरतालिका, शुद्धिपत्रक वाचायला त्याला दुसऱ्याची मदत मागावी लागते. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. त्या विद्यार्थ्यासाठी वेगळी ब्रेल आवृत्ती काढा असे कुणी म्हणत नाही. टंकलेला मजकूर होता तसा द्या, एवढेच.

दुसरा फटका शोधणाऱ्याला. रस्तारुंदीत आपली इमारत येते का, आपल्या सर्वेक्षण क्रमांकाचा उल्लेख कुठल्या ठरावात आहे का, आपल्या पेठेतल्या शाळेसाठी तरतूद झाली का, हे पाहायला शेकडो पानांच्या अंदाजपत्रकात किंवा कार्यपत्रिकेत एक शब्द शोधता यायला हवा. तो सापडत नाही म्हणून लोक ओळखीच्या माणसाकडे जातात, आणि ओळख नसलेला मागे राहतो. हरकती-सूचनांची मुदत मात्र दोघांना सारखीच. इंग्रजी कागद सापडतो आणि मराठी सापडत नाही असे होत राहिले, तर वकील, वास्तुरचनाकार, पत्रकार, सगळे व्यवहारात इंग्रजी प्रतच मागू लागतात. मराठी मग कायद्याने राजभाषा आणि कामकाजात शोभेची प्रत. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्याने मराठी कागद दिले, पण मराठी कागद वापरण्याजोगा असणे ही आपली आजची जबाबदारी आहे.

इथे एक अपवाद मान्य करतो. मतदार याद्या शोधण्याजोग्या मजकुराच्या रूपात द्याव्यात ही मागणी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, आणि यंत्राला वाचता येणाऱ्या यादीतून लाखो नागरिकांची नावे, वये, पत्ते क्षणात उपसता येतात ही भीती खोटी नाही. व्यक्तींची माहिती असलेल्या याद्या हा निराळा प्रश्न आहे. अंदाजपत्रक, ठराव, निविदा, नियमावली, परिपत्रक यांत कुणाचेही खासगी काही नसते.

लघुसंदेशांचेही पाहा. मिळकतकर, वीजबिल, बँक यांचे संदेश इंग्रजीत का येतात याला तंत्राचे एक साधे कारण आहे आणि ते फारसे कुणी सांगत नाही. एका लघुसंदेशात १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला सात बिट लागतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरी असली की प्रत्येक चिन्हाला सोळा बिट, म्हणजे फक्त ७० चिन्हे, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येक वेगळे मोजले जाते. ‘विद्यार्थ्यांना’ हा डोळ्यांना चार अक्षरांचा शब्द पंधरा जागा खातो. ‘आपल्या मिळकतकराची देय तारीख ३१ मे आहे. कृपया वेळेत भरणा करून सवलत मिळवा.’ हा संदेश ७२ चिन्हांचा आहे. म्हणजे दोन संदेशांचे पैसे, कारण सत्तरच्या पुढे गेले की जोडसंदेशात प्रत्येकी ६७ चिन्हेच मिळतात. त्यातला ‘कृपया’ काढला की ६६ होतात आणि तो एका संदेशात बसतो. मराठी संदेश महाग पडतो हे खरे, पण तो महाग पडू नये म्हणून नीट बेतून लिहिणारा माणूस लागतो; इंग्रजी मसुद्याचे शब्दशः भाषांतर करून तो बसणार नाही. लाखो करदात्यांना संदेश पाठवणाऱ्या संस्थेला असा एक माणूस नेमणे जड नाही. मराठीचा आग्रह धरणाऱ्यांनी निवेदनासोबत असे बेतलेले दहा-वीस मसुदेच नेऊन द्यावेत.

युनिकोड आले म्हणजे सगळे सुटले असेही नाही. एकच शब्द दोन प्रकारे टंकता येतो, दिसतो अगदी सारखा, आणि शोधात एक सापडतो तर दुसरा नाही. ‘दऱ्या’मधला ‘ऱ्य’ हा ‘ऱ’ अधिक हलन्त अधिक ‘य’ असा टंकता येतो, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही. दुसऱ्या पद्धतीत ते अदृश्य चिन्ह एखाद्या सॉफ्टवेअरने गाळले की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, डोंगराचा समुद्र. म्हणून ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षरच वापरावे. ‘ॲ’चेही तसेच: ते एक अखंड अक्षर आहे, ‘अ’वर चंद्र ठेवून केलेली जोडणी नव्हे. अखंड अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले, त्यामुळे त्याआधीचा आणि नंतरच्या सवयीचा बराच मजकूर जोडणीचा आहे आणि ‘ॲप’ शोधणाऱ्याला तो मिळत नाही. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकणे ही आणखी एक सर्रास चूक. ‘अंतःकरण’ त्यामुळे मध्येच दुभंगते. वेलांटी पहिली की दुसरी यावर आपल्याकडे हिरिरीने वाद होतात, आणि १९६२ च्या नियमांपासून आजवर त्यावर खूप लिहिले गेले. त्या शुद्धलेखनाइतकीच आता या टंकलेखनाच्या शुद्धतेची गरज आहे. तिची नियमावली दोन पानांत मावेल आणि मुद्रितशोधनाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात ती शिकवली पाहिजे.

टंकण्याच्या पद्धतीकडे मात्र मुळापासून पाहायला हवे. सरकारी नोकरीसाठी मराठी टंकलेखनाचे प्रमाणपत्र लागते, मिनिटाला तीस शब्दांचे. परीक्षा घेणारी राज्य परीक्षा परिषद पुण्यातच आहे. परंपरेने शिकवला गेला तो रेमिंग्टनचा कळफलक, लोखंडी टंकयंत्राच्या सोयीने केलेला, ज्यात वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर. ज्याची बोटे त्यावर बसली त्याला जुने फॉन्ट सोयीचे वाटतात यात नवल नाही. याउलट घरी-दारी आपण रोमन कळफलकावर उच्चार टंकून देवनागरी उमटवतो, किंवा थेट रोमनमध्येच मराठी लिहितो. आईला, मित्राला, सोसायटीच्या गटावर रोमन मराठी लिहिण्यात पाप काही नाही. पण त्या मजकुरात ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’, ‘श’ आणि ‘ष’ एकाच खणात पडतात, प्रत्येकाचे स्पेलिंग निराळे असते, आणि तो पुढे कुणालाच शोधता येत नाही.

इनस्क्रिप्ट हा तिसरा मार्ग. तो सरकारमान्य आहे, बहुतेक संगणकांत आधीपासून असतो, आणि त्याची रचना आपल्या वर्णमालेवर आहे: स्वर आणि कानेमात्रे डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. के वर ‘क’, शिफ्ट धरून के वर ‘ख’. एल वर ‘त’, शिफ्टसह ‘थ’. एच वर ‘प’, शिफ्टसह ‘फ’. डी वर हलन्त, म्हणजे जोडाक्षर हवे तिथे अक्षर, डी, अक्षर. जे वर ‘र’, शिफ्टसह ‘ऱ’. एन वर ‘ल’, शिफ्टसह ‘ळ’. म्हणजे ‘ऱ्य’साठी शिफ्ट-जे, डी आणि तिरक्या रेघेची कळ. अल्पप्राण-महाप्राण ज्याला ठाऊक आहे त्याला अर्धा कळफलक आधीच पाठ आहे. आठवीच्या मुलांना संगणकाच्या तासाला इंग्रजी टंकन शिकवतात. त्यातलेच काही तास याला द्यावेत. मराठी सक्तीने शिकवण्याचा कायदा २०२० मध्ये झाला. मराठी शिकलेल्या मुलाला मराठी टंकता न येणे हे शिक्षण अपुरे आहे, आणि ते भरून काढायला नवा कायदा लागत नाही.

विरोधात जे बोलले जाते त्यातले एक खरे आहे: युनिकोड फॉन्ट सुंदर नसतात आणि त्यांत ‘ल’, ‘श’ हिंदी वळणाचे येतात, ही तक्रार. ती काही वर्षांपूर्वी रास्त होती. २००९ च्या शासन निर्णयाने ही अक्षरे कशी लिहायची हा घोळ मिटवून मराठीची अक्षरवळणे ठरवली, पण संगणकात अक्षर एकच असते, वळण फॉन्ट ठरवतो. मराठी वळणे पोटात असलेला फॉन्ट निवडला आणि मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी अशी नोंदवली, की वळण आपोआप येते. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा व यशोवेणु, मुंबईच्या आयआयटीची शोभिका, शिवाय मुक्ता, असे देखणे फॉन्ट आज फुकट मिळतात. छपाईसाठी इनडिझाइन हे पानजुळणीचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी परिच्छेदाच्या जस्टिफिकेशनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा भारतीय लिप्या नीट जुळवणारा पर्याय निवडला नाही तर जोडाक्षरे फुटतात आणि मग दोष युनिकोडवर जातो. शहरभर फ्लेक्सवर हलन्त उघडे पडलेले ‘स्वागत’ आणि मागे-पुढे झालेल्या वेलांट्या दिसतात, त्यांचे मूळ अनेकदा अशाच एखाद्या न बदललेल्या पर्यायात असते.

दुसरा आक्षेप नवा आहे: आता कृत्रिम बुद्धिमत्ता स्कॅनमधूनही मजकूर वाचते, मग एवढा खटाटोप कशाला? वाचते, आणि दरवर्षी अधिक चांगले वाचते. पण अंधुक स्कॅनमध्ये तिला ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांत गल्लत होते, ‘ख’चा ‘रव’ होतो, अनुस्वार धुळीच्या कणासारखा गळतो आणि ‘१’चा ‘९’ होतो. कथेत एक अक्षर चुकले तर वाचक सावरून घेतो. गट क्रमांकात किंवा निविदेच्या रकमेत एक आकडा चुकला तर भांडण कोर्टात जाते. जो मजकूर बिनचूक टंकलेला आहे तो आधी चित्रात कोंडायचा आणि मग यंत्राला अंदाजाने सोडवायला लावायचा, यात कुणाचाच फायदा नाही. शिवाय ही यंत्रे मराठी शिकतात ती उपलब्ध मराठी मजकुरावरच. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, आणि मराठी विकिपीडियातले लेख एक लाखाच्या घरात. यंत्रांची मराठी कृत्रिम, हिंदीच्या वळणाची वाटते ही तक्रार करताना, आपला अस्सल मजकूर आपणच चित्रांत आणि जुन्या फॉन्टांत अडकवला आहे हेही पाहिले पाहिजे.

उलट उदाहरण आहे आणि ते पुण्याचेच आहे. महाराष्ट्र कोशमंडळाने १९३२ ते १९५० या काळात पुण्यात छापलेला महाराष्ट्र शब्दकोश आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अक्षरशः शोधता येतो, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या शेजारी. कुणीतरी तो ओळीओळीने टंकून घेतला म्हणून. पुण्यातल्या प्रकाशकांकडे, जुळारींकडे, मासिकांच्या कचेऱ्यांत सीडींवर आणि बंद पडत आलेल्या संगणकांत गेल्या तीस वर्षांच्या मराठीच्या फाइली पडून आहेत. त्या सीडी वाचता येईनाशा होण्याआधी त्यांची नक्कल करून, सोबत फॉन्टची फाइलही जपून ठेवणे ही पहिली पायरी. फॉन्ट हरवला तर तक्ता हरवतो आणि फाइल कायमची मुकी होते. परिवर्तन मागाहून करता येईल.

सार्वजनिक संस्थांकडून काय मागायचे ते नेमके मागावे. छपाई, संकेतस्थळ किंवा अहवालाच्या प्रत्येक निविदेत एक कलम असावे की मराठी मजकूर युनिकोडमध्ये, संपादनयोग्य फाइलीसह द्यायचा आणि पीडीएफमधून वीस शब्द कॉपी करून जुळवल्याखेरीज देयक मंजूर करायचे नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४(४) माहिती स्थानिक भाषेत आणि शक्यतो इलेक्ट्रॉनिक रूपात, सहज मिळेल अशी द्या असे सांगते. कलम २(जे) इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली प्रत मागण्याचा हक्क देते. कलम ७(९) ज्या रूपात मागितली त्या रूपात माहिती द्यावी असे सांगते. संस्थेच्या साधनसामग्रीवर अवाजवी ताण पडत असेल किंवा अभिलेखाला धोका असेल तरच नाही. टंकलेली फाइल जोडून पाठवणे स्कॅन करण्यापेक्षा सोपे असल्याने ताणाचे कारण इथे टिकणारे नाही. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, महाराष्ट्राच्या नियमांनुसार एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘अमुक ठरावाची माहिती द्यावी’ असे न लिहिता ‘अमुक ठरावाची टंकलिखित मूळ फाइल युनिकोड मजकुराच्या रूपात, ईमेलने द्यावी’ असे लिहावे आणि कलमांचे क्रमांक घालावेत. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. स्कॅन आले तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करता येते. त्यात तक्रार माहिती न मिळाल्याची नसून मागितलेल्या रूपात न मिळाल्याची आहे, हे पहिल्याच ओळीत लिहावे, म्हणजे ‘माहिती दिली आहे’ या एका वाक्यात अपील निकाली निघणार नाही.